कुंभकापासून चुंबकापर्यंत

१९५७ साली दोन अमेरिकी विद्यापीठांतले दोन संशोधक हृदय थांबवणारे योगी शोधत भारतभर हिंडत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मॅरियन वेंगर आणि मिशिगन विद्यापीठाचे बसू बागची. दिल्लीत नव्यानेच सुरू झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले शरीरक्रियातज्ज्ञ बी. के. आनंद या कामात त्यांच्याबरोबर होते. हृदय थांबवण्याची किंवा मंद करण्याची विद्या आपल्याला साधली आहे, असं म्हणणारे चार जण त्यांनी तपासले. त्यांत मद्रासचे कृष्णम्माचार्य होते. त्यांची तपासणी त्याआधी १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी केली होती, आणि हृदयाचा विद्युत आलेख जवळजवळ सपाट झाल्याची त्यांची नोंद युरोपात बरीच गाजली होती.

वेंगर, बागची आणि आनंद यांनी आपले निष्कर्ष १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापले. मनगटावरची नाडी खरोखरच लागत नव्हती. छातीला नळी लावली तर ठोके अगदी क्षीण किंवा अजिबात नाहीत. पण विद्युत आलेख बिनदिक्कत चालू होता. हृदय थांबलेलं नव्हतं, रिकामं पडत होतं. साधक श्वास भरून घेत, कंठ बंद करत आणि पोट व छातीचे स्नायू आवळत. छातीतला दाब वाढला की शरीरातून हृदयाकडे परतणारं रक्त दारातच अडतं. भरायलाच काही नाही म्हटल्यावर बाहेर काय पडणार? चौथ्या साधकाने मात्र वेगळ्या रीतीने, पण बहुधा स्नायूंच्याच साहाय्याने, हृदय चांगलंच मंद करून दाखवलं. ब्रॉसबाईंच्या सपाट रेषेबद्दल एवढं सांगता येईल की श्वास भरला की श्वासपटल खाली जातं, हृदयाची ठेवण वळते, आणि आलेख एकाच जोडणीवरून घेतला असेल तर रेषा लहान दिसू शकते.

एमआरआयवरच्या लेखात हे योगी कुठून आले, असं वाचकांच्या मनात येईल. हृदयाचा एमआरआय करताना चुंबकाच्या बोगद्यात पडलेल्या माणसाला हेडफोनमधून एकच आज्ञा पुन्हा पुन्हा ऐकू येते: श्वास घ्या, सोडा, थांबा. एका तपासणीत ही आज्ञा दहापंधरा वेळा सहज होते, कधी त्याच्या दुप्पट. म्हणजे रुग्णाकडून कुंभकच करून घेतला जातो. आणि वेंगर-बागचींनी दाखवलेली गोष्ट, की श्वास रोखण्याची रीत बदलली की हृदयही बदलतं, ती या तपासणीच्या साऱ्या इतिहासात पाठलाग करत राहिली आहे. तो इतिहास श्वासाला गप्प कसं बसवायचं इथून सुरू झाला. तो कुठे पोचला, ते सांगण्यासाठी हा लेख.

मूळ तत्त्व जुनं आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रकं ठरावीक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. या शास्त्राच्या बाल्यावस्थेतलं एक नाव आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. स्टॅनफर्डमध्ये ब्लॉक यांच्या गटात काम करणारे एस. एस. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये साध्या अल्कोहोलच्या एका रेणूतले हायड्रोजन तीन वेगळ्या जागी तीन वेगळे सूर काढतात, हे दाखवलं. पुढे धर्मट्टी होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विषयाचा गट उभा केला. तेव्हा परीक्षानळीतल्या द्रवापलीकडे कुणाची नजर नव्हती.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र छापलं आणि नजर शरीराकडे वळली. ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेमंड डमाडियन यांनी आपला सहकारी लॅरी मिन्कॉफ याला घरगुती बनावटीच्या यंत्रात बसवून त्याच्या छातीचं चित्र घेतलं. त्याला पावणेपाच तास लागले. एकेक बिंदू मोजत मोजत चित्र भरलं जात होतं. त्या पावणेपाच तासांत मिन्कॉफने काही हजार श्वास घेतले असतील. पण चित्र इतकं जाडंभरडं होतं की श्वासाने त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. हृदय एक डाग, फुप्फुसं दोन पोकळ्या.

चित्र बारीक होऊ लागलं तसा श्वास दिसू लागला. एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचा सगळा झगडा कळणार नाही. रांगोळीत एखादा ठिपका हलला तर तेवढीच पाकळी वाकडी होते. एमआरआयचं चित्र तसं नसतं. यंत्र शरीराचा एकेक भाग पाहत नाही. प्रत्येक मोजमापात ते साऱ्या छेदातून येणारा एकत्र सूर ऐकतं, आणि असे शे-दोनशे वेगवेगळ्या पट्टीतले सूर गोळा झाल्यावर गणिताने त्यांची बेरीज करून चित्र उभं करतं. त्यामुळे एक मोजमाप चुकलं तर चूक सगळ्या चित्रभर पसरते. श्वास लयीत असतो, तेव्हा ती चूकही लयीत पसरते. छातीच्या भिंतीवरची चरबी उजळ दिसणारी असते. तिच्या फिकट सावल्या ठरावीक अंतराने चित्रभर उमटतात, अगदी हृदयावरसुद्धा. या सावल्यांना तंत्रज्ञ सरळ भुतं म्हणतात. नाव चपखल आहे: जिथे काही नाही तिथे दिसतात, आणि जिथे आहे ते झाकतात.

हृदयाचा स्वतःचा ठोका हा तुलनेने सोपा शत्रू होता. ईसीजीच्या खुणेवर मोजमाप बांधलं की प्रत्येक ठोक्याच्या त्याच क्षणी यंत्र ऐकतं. श्वासाला अशी नेमकी खूण नाही. तो लांबतो, आखूड होतो, झोप लागली की पोटात उतरतो, भीती वाटली की गळ्याशी येतो. आणि अंतरं पाहा. शांत श्वासात श्वासपटल एक ते दोन सेंटिमीटर वरखाली होतं. ज्या रक्तवाहिन्या तुंबल्या की माणूस दगावतो त्यांचा व्यास असतो दोन ते चार मिलिमीटर.

पहिली युक्ती पट्ट्याची. छातीभोवती हवेचा लवचिक पट्टा बांधायचा आणि श्वास बाहेर गेलेला असेल तेवढीच मोजमापं ठेवायची. चित्र सुधारलं, पण वेळ दुपटीतिपटीने वाढला. १९८५ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ परिसरातल्या बेल्स, बायडर वगैरे मंडळींनी एक हुशार तोडगा काढला. श्वास थांबवू नका, मोजमापं टाकून देऊ नका. फक्त ती घेण्याचा क्रम श्वासाप्रमाणे लावा. फुप्फुस भरलेलं असताना एका टोकाची पट्टी मोजा, रिकामं असताना दुसऱ्या टोकाची. म्हणजे साऱ्या मोजमापांत श्वास एकदाच सावकाश चढला असं गणिताला वाटतं, लय मोडते आणि भुतं विरतात. वेळ तेवढाच. हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा विचार वाटतो, कारण त्यात श्वासाशी भांडण नाही. पण त्याने भुतं जात, धूसरपणा जात नसे.

मग वेग आला. गॉटिंगेनच्या येन्स फ्राम आणि आक्सेल हासे यांच्या गटाने एकामागून एक झटपट मोजमापं घेण्याची पद्धत १९८५-८६ मध्ये काढली. तिच्या आधारे १९९१ मध्ये बोस्टनला अॅटकिन्सन आणि एडलमन यांनी धडधडत्या हृदयाची चित्रफीत एका रोखलेल्या श्वासात बसवली. प्रत्येक ठोक्याला एक नव्हे, सात-आठ मोजमापं एकदम घ्यायची, की दहापंधरा सेकंदांत काम संपतं. १९९३ मध्ये मॅनिंग आणि एडलमन यांनी याच मार्गाने ३९ रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. तिथून 'श्वास रोखा' ही आज्ञा जगभर रूढ झाली आणि आजही मुख्यतः तीच चालते.

या आज्ञेबद्दल माझा स्वतःचा आक्षेप आहे, आणि तो डॉक्टरकीतून नाही, कारखान्यातून आलेला आहे. मी पिंपळे गुरवला राहतो. नोकरीची वर्षं चाकणच्या पट्ट्यात सुट्या भागांच्या तपासणी विभागात गेली. पातळ भिंतीची रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट पकडून आतून कातली, की चकमध्ये असताना डायल लावून पाहा, गोल भरते. जबडे सैल करा, जॉब काढा आणि पुन्हा मोजा: तीन ठिकाणी दबलेली, तीन ठिकाणी फुगलेली. मोजमाप खोटं नव्हतं. ते पकडलेल्या रिंगचं होतं, आणि गाडीत रिंग पकडलेली नसते. आमच्या विभागात नव्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात शिकवत असत.

रोखलेल्या श्वासातलं हृदय हे पकडलेल्या रिंगसारखं आहे. छाती भरून श्वास घेऊन कुंथून धरला तर छातीतला दाब वाढतो, परतणारं रक्त घटतं, उजवा निलय कमी भरतो, ठोक्याचा वेग बदलतो. वेंगर आणि बागची यांना योग्यांमध्ये जे टोकाला गेलेलं दिसलं, तेच थोड्या प्रमाणात कासारवाडीच्या किंवा दापोडीच्या आजोबांमध्ये घडतं. फरक इतकाच की आजोबांनी ते मुद्दाम केलेलं नसतं. म्हणून शहाणे तंत्रज्ञ 'मोठा श्वास घ्या आणि रोखा' असं म्हणत नाहीत. श्वास सहज सोडायला सांगतात आणि मग थांबायला. सोडलेल्या अवस्थेत छातीवर ताण नसतो आणि श्वासपटल दर वेळी जवळजवळ त्याच जागी येऊन बसतं, त्यामुळे एका छेदाला दुसरा छेद जुळतो.

इथे कासारवाडी स्थानकावरून लोणावळा लोकलमध्ये बसायला हवं. तासाभरात जिथे उतरतो तिथे कैवल्यधाम आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये ते स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. योगावर आधुनिक उपकरणांनी मोजमाप घेण्याची ती अगदी सुरुवातीची जागा. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटात प्रत्यक्ष काय होतं ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, दाबमापक लावून आतला दाब वातावरणापेक्षा खाली जातो हे नोंदवलं, आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं. प्राणायामात प्राणवायू किती घेतला जातो आणि कर्बवायू किती सोडला जातो, याचीही मोजदाद तिथे झाली. पुढे १९६८ मध्ये तिथल्याच करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

योगशास्त्रात श्वास आत धरून केलेला कुंभक आणि बाहेर सोडून केलेला कुंभक यांत भेद केलेला आहे. पतंजलीही बाह्य आणि आभ्यंतर असं वेगळं सांगतो. एमआरआयवाल्यांनी १९९० च्या दशकात भूत आणि धूसरपणा मोजत मोजत ज्याची निवड केली तो बाह्य कुंभक. मला यात कुठलंही प्राचीन भाकीत दिसत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. श्वास बाहेर असताना छाती एका ठरावीक जागी विसावते, हे कुणीही लक्ष देऊन पाहिलं तर कळतं, एवढंच. पण बाह्य कुंभक टिकवणं अवघड, हेही साधकांना ठाऊक असतं. फुप्फुसात साठा कमी असतो, रक्तातला कर्बवायू लवकर चढतो, आणि श्वास घ्यायला भाग पाडतो तो मुख्यतः हाच चढलेला कर्बवायू. निरोगी तरुण पंधरा सेकंद हसत काढतो. ज्याचं हृदय निम्म्याने दुबळं झालंय, ज्याच्या फुप्फुसात पाणी आहे, त्याला सहा सेकंदही जड जातात.

खरी अडचण ती. हृदयाचा एमआरआय ज्यांना सर्वाधिक हवा, त्यांनाच श्वास रोखता येत नाही. आमच्या भागात ओतकाम, रंगकाम, ग्राइंडिंग यांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. सांगवी फाट्यावर औंधचं उरो रुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना 'सोडा आणि थांबा' जमेल? शिवाय भाषा. पिंपळे गुरवच्या चाळींत आणि सोसायट्यांत लातूर-नांदेडपासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसं राहतात. यंत्रात भरलेला आवाज बऱ्याचदा इंग्रजी असतो. तंत्रज्ञ स्वतः बोलला तर ठीक. नाहीतर माणूस नेमका चुकीच्या क्षणी श्वास घेतो, छेद पुन्हा काढावा लागतो, आणि पाऊण तासाची तपासणी दीड तासावर जाते.

श्वास न रोखता काम व्हावं यासाठीचा दुसरा धागा मेयो क्लिनिकमध्ये निघाला होता. रिचर्ड एमान आणि जोएल फेल्मली यांनी १९८९ मध्ये प्रत्येक मोजमापाच्या आधी एक छोटं, निमिषभराचं ज्यादा मोजमाप घेण्याची कल्पना मांडली. उजव्या बाजूच्या यकृत आणि फुप्फुसाच्या सीमेवरून एक उभी रेघ. ती सीमा आत्ता कुठे आहे एवढंच ती सांगते. आगबोटीचा खलाशी दर थोड्या वेळाने खोली मोजतो तसं. श्वासपटल ठरलेल्या पाचेक मिलिमीटरच्या पट्ट्यात असेल तर मोजमाप ठेवायचं, नसेल तर टाकायचं. पण हृदय काही श्वासपटलाला खिळ्याने ठोकलेलं नाही. ते त्याच्यावर विसावलेलं आणि वरून महारोहिणीला टांगलेलं आहे. १९९५ मध्ये वांग, रिडरर आणि एमान यांनी मोजून दाखवलं की श्वासपटल एक सेंटिमीटर उतरलं तर उजव्या रक्तवाहिनीचं मूळ सरासरीने सहा मिलिमीटरच्या आसपास उतरतं. म्हणून सुधारणेचा गुणक ०.६ असा रूढ झाला. त्याच अभ्यासात माणसामाणसांतला फरक मोठा होता, तरी सोयीचा आकडा सगळ्यांना चिकटला. कारखान्यातही असंच होतं. सरासरी टॉलरन्स पाटीवर लिहिला जातो आणि फैलाव फाइलीत राहतो. या मार्गाने सात केंद्रांत १०९ रुग्णांच्या रक्तवाहिन्या सहज श्वास चालू असताना पाहिल्याचा निबंध २००१ मध्ये आला. किंमत वेळेची होती: निम्म्याहून अधिक मोजमापं अनेकदा टाकून द्यावी लागत.

त्यापुढचं काम गणिताने आणि संगणकाने केलं. झुरिचमध्ये प्रुसमान यांनी १९९९ मध्ये अनेक कॉइल एकदम ऐकवून मोजमापं कमी केली, २००७ मध्ये लुस्टिग यांनी थोड्याच मोजमापांतून चित्र पुन्हा उभं करण्याचं गणित एमआरआयमध्ये आणलं, आणि २०१० मध्ये गॉटिंगेनच्याच फ्राम आणि युकर यांनी २० मिलिसेकंदांना एक चित्र या वेगाने हृदय पाहिलं. इतक्या वेगात ईसीजी नको, पट्टा नको, रोखणं नको. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेंग, ओताझो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. रुग्णाने श्वास घेत राहायचं. सगळी मोजमापं ठेवायची, एकही टाकायचं नाही. मग ती श्वासाच्या अवस्थेप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत लावायची. लांबी, रुंदी, ठोका यांच्यासारखी श्वास ही चित्राची आणखी एक मिती झाली. १९८५ मधल्या त्या लंडनकरांच्या क्रमाची आठवण मला इथे येते.

आणि याचा उपयोग केवळ सोयीचा नाही. एक आजार असा आहे की रोखलेल्या श्वासात तो निसटू शकतो. हृदयाभोवतीचं आवरण सुजून, जाड होऊन, कवचासारखं आवळतं. आपल्या देशात यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं ते याच क्षयाविरुद्ध, आणि तरीही क्षय गेलेला नाही. आवळलेल्या कवचात हृदयाच्या दोन्ही बाजूंना मिळून जागा ठरलेली असते. श्वास आत घेतला की उजवी बाजू जास्त भरते, आणि कवच पसरत नसल्याने मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. नाडी श्वासाबरोबर क्षीण होते हे जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७३ मध्येच बोटांनी ओळखलं होतं. रोखलेल्या श्वासात घेतलेल्या चित्रफितीत हा श्वासागणिकचा खेळ दिसत नाही, कारण तो घडायला श्वास लागतो. स्नायूच कडक झालेल्या हृदयाची लक्षणं वरवर अगदी अशीच असतात, पण त्याला शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. कवचाच्या आजारात आवरण सोलून काढलं तर माणूस पुन्हा चालू-फिरू लागतो. दोन्हींत फरक कसा करायचा हा प्रश्न टेबलावरच्या माणसाच्या दृष्टीने साधा नाही.

अशा तपासणीत आता शेवटची दोन मिनिटं राखून ठेवतात. चित्र थेट पडद्यावर चालू असतं, पट्टा सैल असतो, आणि हेडफोनमधून वेगळंच सांगितलं जातं: काका, आता थांबायचं नाही, जोरात श्वास घ्या, अजून एकदा, आणि खोलीबाहेर काचेपलीकडे बसलेले डॉक्टर हृदयाच्या मधला तो पडदा श्वासाबरोबर सरकतो का ते पाहत असतात.